शिटेचं सोंग

पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली की आपण तिच्याकडे बघत नाही. म्हणजे डोळ्यांना ती दिसते, पण "हं, शीट" एवढं मनात उमटेपर्यंत नजर पुढच्या पानावर गेलेली असते. हात लावायचा तर प्रश्नच नाही. या एवढ्याशा दुर्लक्षाच्या जोरावर दिवसच्या दिवस बिनघोर झोपा काढणारे पतंग जगात आहेत. एकदोन नव्हेत, बरेच. त्यातले कित्येक एकमेकांचे जवळचे नातलगसुद्धा नाहीत. कुळं वेगळी, खंड वेगळे, आणि तरी प्रत्येकजण आपापल्या वाटेनं याच एका सोंगापाशी येऊन पोचलेला.

सगळ्या प्राणिजगतात मला हे सोंग सर्वांत धीट वाटतं. लोक कौतुक करतात ते वाळक्या पानासारख्या फुलपाखराचं नाहीतर काटकीसारख्या किड्याचं. शिटेसारखा पतंग दाखवला की समोरचा आधी "ई" करतो आणि मग हसतो. त्या "ई"विषयी मला थोडं बोलायचं आहे, पण आधी पतंग नीट बघून घेऊ.

उत्तर अमेरिकेत युड्रायस ग्राटा नावाचा एक पतंग आहे. इंग्रजीत त्याला चक्क 'सुंदर वनपरी' अशा अर्थाचं नाव दिलंय; नाव ठेवणाऱ्यानं तो उडताना, पिवळे मागचे पंख उघडलेले असताना पाहिला असावा. कारण बसला की परीबिरी काही उरत नाही. पुढचे पंख दुधाळ पांढरे, कडेनं तपकिरी-काळसर पट्टा, तळाला शेवाळी छटा. पंख अंगावर उतरते मिटून तो पानाच्या वरच्या बाजूला, अगदी उघड्यावर बसतो. आणि मग पुढचे दोन पाय समोर ताणून ठेवतो. या पायांवर पांढऱ्या केसांचे दाट झुबके असतात. मधोमध पांढरा-काळपट गोळा आणि पुढे दोन पांढरे ओघळ: वरून पडताना उडालेले शिंतोडे तंतोतंत. ही शिंतोड्यांची जोड मला फार आवडते. गोळा जमवणारे पुष्कळ आहेत, पण शीट उंचावरून पडते, आपटते आणि फुटते हा भाग या पतंगाच्या पायांत उतरलाय.

युरोपातला सिलिक्स ग्लॉकाटा याहून लहान, जेमतेम दोन सेंटिमीटरचा. त्याचं शास्त्रीय वर्णन 1763 सालीच झालं आहे, म्हणजे माणसाला तो अडीचशे वर्षांहून जुना ओळखीचा. शुभ्र पंखांच्या मधोमध राखी-तपकिरी डाग, आणि त्या डागात चंदेरी चकाकी असलेले काही खवले. ही चकाकी कशासाठी, तर ओलसरपणासाठी. ताजी शीट ओली असते आणि ओली वस्तू चमकते. कोरड्या ठणठणीत पंखावर ओल दाखवायची तर चमकच दाखवावी लागणार. अमेरिकेतले पोनोमेटिया वंशातले छोटे पतंग मात्र इतके नटत नाहीत. डोक्याकडचा अर्धा भाग पांढरा, मागचा अर्धा मळकट, झालं काम. तरीही इंग्रजीत यांच्या नावातच शीट आहे. पोनोमेटिया इरॅस्ट्रिऑइडिस या जातीच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ 'शिटेसारखा छोटा पतंग'. याच्या अळ्या रॅगवीड नावाच्या तणावर वाढतात, ज्याच्या परागकणांनी लाखो माणसांना शिंका येतात. तणावर जगायचं आणि शीट म्हणून झोपायचं. मानापमानाच्या कल्पना माणसाच्या.

आता मुद्द्याची गोष्ट. लपण्याचे दोन प्रकार आहेत आणि आपण बोलताना ते एकात एक मिसळतो. खोडावर बसलेला करडा पतंग खोडाच्या रंगात विरून जातो. त्याचा डाव असा, की बघणाऱ्याला तो दिसूच नये. खोड दिसेल, पतंग नाही. शिटेसारख्या पतंगाचं गणित याच्या अगदी उलट आहे. हिरव्यागार पानावर पांढरा ठिपका. चार पावलांवरूनही डोळ्यात भरतो. त्याला दिसायची भीती नाहीच. तो दिसतो, राजरोस दिसतो, फक्त ओळखताना चूक होते. बघणाऱ्याला वस्तू सापडते आणि नाव चुकीचं पडतं. शास्त्रज्ञ या दोन गोष्टी वेगळ्या मानतात, आणि त्या खरोखरच वेगळ्या आहेत हे सिद्ध करायला 2010 साल उजाडावं लागलं.

कारण सिद्ध करणं अवघड आहे. समजा पक्ष्यानं काटकीसारखी अळी खाल्ली नाही. का नाही खाल्ली? त्याला ती दिसलीच नाही, की दिसली आणि काटकी वाटली? बाहेरून बघता दोन्हीचा निकाल एकच: पक्षी पुढे गेला. जॉन स्केलहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा, पण डोकं लढवून केलेला प्रयोग मांडला. कोंबडीची पिल्लं घेतली. काही पिल्लांना आधी हॉथॉर्नच्या फांद्यांचा सहवास दिला. काहींना त्याच फांद्या दिल्या, पण त्यांच्यावर जांभळा दोरा गुंडाळून, म्हणजे फांदी तीच पण रूप वेगळं. काहींना काहीच दाखवलं नाही. मग सगळ्यांसमोर काटकीसारख्या दिसणाऱ्या खऱ्या अळ्या ठेवल्या, अगदी मोकळ्या जागेत, न दिसायचं काही कारणच नाही अशा. ज्या पिल्लांनी साध्या फांद्या पाहिल्या होत्या ती अळीवर चोच मारायला जास्त वेळ घेत होती, चाचरत होती. बाकीच्यांना तेवढी शंका आली नाही. अळी तीच, उजेड तोच, भूक तीच. फरक होता तो पिल्लाच्या आठवणीत.

म्हणजे सोंगाचा अर्धा भाग अळीच्या अंगावर असतो आणि अर्धा पक्ष्याच्या डोक्यात. ज्यानं कधी फांदी पाहिली नाही त्याच्यापुढे काटकीचं सोंग वाया. ज्यानं कधी शीट पाहिली नाही असा पक्षी मात्र मिळायचा नाही, आणि या पतंगांचं भाग्य नेमकं तिथंच आहे. पान, काटकी, दगड या गोष्टी जागा बदलली की बदलतात. एका जंगलातलं पान दुसऱ्या जंगलात सापडेलच असं नाही. शीट मात्र पक्ष्याबरोबरच फिरते. जिथं शिकारी आहे तिथं नकलेचा मूळ नमुना आहेच, कारण तो शिकारीच आणून टाकतो.

इथून पुढे मला ही गोष्ट पतंगाची वाटेनाशी होते, पक्ष्याची वाटू लागते. जरा विचार करा, हे चित्र काढलं कुणी? पतंगानं नाही. त्याला स्वतःची पाठ दिसत नाही, शीट कशी दिसते याची त्याला कल्पना नाही, आणि असती तरी पंखांचे रंग त्याच्या हातात नाहीत. एका मादीच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लावळीत थोडा थोडा फरक असतो: कुणाचा पांढरा जरा मळका, कुणाचा डाग जरा बाजूला, कुणाला पंखांच्या कडेवर उगाच एक सुबक नक्षी. पक्षी येतो आणि ज्यात त्याला पतंग दिसतो तो उचलतो. सुबक नक्षीवाला गेला. फार नीटनेटका, दोन्ही बाजूंनी सारखा गेला. जे त्याच्या नजरेतून निसटले त्यांनी अंडी घातली. पुन्हा पिल्लावळ, पुन्हा चोच. हे लाखो पिढ्या. म्हणजे पक्ष्यानं स्वतःच्याच शिटेचं चित्र स्वतःच्या चोचीनं काढलंय, रंग लावून नव्हे तर फसलेल्या प्रती खाऊन. चित्रकारही तोच, टीकाकारही तोच, आणि चित्र जमलं की फसणाराही तोच. आपण काही काढतोय हे त्याच्या गावीही नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. फसवणूक जमली की सुधारणा थांबते. पक्षी ज्याच्याकडे बघून पुढे जातो, त्याच्या अंगावर आणखी बारीक काम होण्याचं कारणच उरत नाही. म्हणून पोनोमेटियाचं काम ढोबळ आहे आणि तरी तो जगतोय. आपल्याला वाटतं निसर्ग सगळं हुबेहूब करतो. निसर्ग चालेल तेवढंच करतो. हुबेहूब दिसतं तिथं समजावं की बघणारा फार चिकित्सक होता.

मूळ नमुनाही जरा बघायला हवा, कारण नकलेवर लोक पानंच्या पानं लिहितात आणि अस्सल वस्तू तशीच राहते. पक्ष्याच्या शिटेत दोन गोष्टी एकत्र येतात. काळपट-हिरवट भाग म्हणजे पचून उरलेला चोथा. पांढरा भाग म्हणजे त्याची लघवी. पक्ष्यांना मूत्राशय नसतं, दोन वेगळ्या वाटाही नसतात. मूत्रपिंडातून आलेलं आणि आतड्यातून आलेलं एकाच दाराशी जमतं आणि एकदमच बाहेर पडतं. आपण शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून टाकतो. पक्षी तो युरेटच्या रूपात टाकतात, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. यात पाणी वाचतं, आणि अंड्याच्या बंद कवचात वाढणाऱ्या पिल्लाचीही सोय होते: टाकाऊ पदार्थ विरघळून त्याला विष होण्याऐवजी घट्ट होऊन एका बाजूला पडून राहतो. तो पांढरा लगदा म्हणजे अतिसूक्ष्म गोळ्यांचा ढीग. या गोळ्यांवर आदळून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो.

आता पतंगाचा पंख घ्या. पंखावर खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले. बोटाला लागते ती 'पूड' म्हणजे हेच खवले. काळ्या-तपकिरी खवल्यांत मेलॅनिन असतं, आपल्या केसांत असतं त्याच जातीचं. पांढऱ्या खवल्यांत बहुतेकदा रंगद्रव्य नसतंच. खवल्याच्या बारीक जाळीदार रचनेवर प्रकाश विखुरतो आणि पांढरा दिसतो. म्हणजे शिटेचा पांढरा आणि पतंगाचा पांढरा, दोन्हींमागचं भौतिकशास्त्र एकच. पदार्थ सर्वस्वी वेगळे, युक्ती तीच. नक्कल इतकी खोलवर जाते असं म्हणायचा मोह होतो, पण तसं काही नाही. जगातल्या बहुतेक पांढऱ्या गोष्टी, दूध आणि ढग धरून, याच कारणानं पांढऱ्या असतात.

आता तो "ई". शीट घाण आहे, म्हणून पक्षी तिला तोंड लावत नाही, म्हणून पतंग वाचतो, असं सरळ सांगितलं जातं. मला हे पटत नाही. घाणीची ती शिसारी आपली आहे, पक्ष्याची असेलच असं नाही. घरट्यातल्या पिल्लांची विष्ठा अनेक छोट्या पक्ष्यांत एका पातळ पिशवीत गुंडाळलेली बाहेर येते. आईबाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. पिल्लं अगदी लहान असताना तर कित्येकदा ती पिशवी गिळूनच टाकतात. ज्या चोचीनं अळी आणली त्याच चोचीनं हे. असा जीव पानावरची शीट बघून नाक मुरडत असेल असं मानायला मी तयार नाही. मुळात शिसारीची गरजच नाही. पक्ष्याला दिवसभरात हजारो गोष्टी दिसतात आणि त्यातल्या बहुतेक खाण्याच्या नसतात. प्रत्येकीवर थांबून विचार केला तर संध्याकाळपर्यंत पोट रिकामंच राहील. 'खाणं नाही' म्हणून जे एकदा ठरलं त्यावरून नजर सरकवत जाणं हाच शहाणपणा. पतंग जगतो तो तिरस्कारावर नव्हे, या दुर्लक्षावर. तिरस्काराला निदान लक्ष तरी द्यावं लागतं.

हे दुर्लक्ष टिकायचं तर एक अट आहे. खऱ्या शिटा नकलांपेक्षा खूप जास्त असायला हव्यात. पतंग बघायची सवय लागलेला माणूस पानावरचा प्रत्येक पांढरा डाग वाकून बघू लागतो. मीही बघतो. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती शीटच असते. माणूस कंटाळतो, पुढचे डाग बघत नाही. पक्ष्याचं याहून वेगळं काय होत असेल? प्रत्येक दुसरा डाग पतंग निघू लागला, तर एकही डाग तपासल्याशिवाय कुणी सोडणार नाही. सोंग घेणाऱ्यांची संख्या वाढली की सोंग बुडतं.

बसायची ढबही तितकीच महत्त्वाची. जपानमध्ये तोशिताका सुझुकी आणि रेइका साकुराई यांनी यावर केलेलं काम 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. सुझुकी हे पक्ष्यांच्या बोलीच्या अभ्यासासाठी जास्त ओळखले जातात. त्यांनी घेतलेली अळी एका पतंगाची, अपोचिमा जुग्लान्सिआरिया. काळी-पांढरी, आणि फांदीवर बसताना अंग वळवून वेटोळं करून बसणारी. शीट काही सरळ रेघेत पडत नाही, म्हणून ही वळते का? त्यांनी कणकेच्या खोट्या अळ्या केल्या. काही काळ्या-पांढऱ्या, काही हिरव्या. काही सरळ, काही वळवलेल्या. त्या फांद्यांवर लावून पक्ष्यांच्या चोचींच्या खुणा तपासल्या. काळ्या-पांढऱ्यांमध्ये वळलेल्या अळ्यांवर हल्ले बरेच कमी झाले. हिरव्यांमध्ये सरळ असो की वाकडी, फरक नाही. नुसतं वळून बसण्यात जादू नाही, नुसत्या रंगातही पुरती नाही. रंगाला साजेसं बसता आलं पाहिजे. अंग चोरून बसणं ज्याला म्हणतात ते यांच्याकडून शिकावं.

अळ्यांमध्ये हे सोंग पतंगांइतकंच, किंबहुना जास्तच पसरलेलं आहे. तिथं एक अडचण उभी राहते जी मोठ्या पतंगाला नसते: अळी वाढते. लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या सुरुवातीला तपकिरी-काळ्या, मधे पांढरा पट्टा असलेल्या, चकचकीत, आणि पानाच्या वरच्या बाजूला निवांत पडलेल्या असतात. शीट म्हणून शोभेल असाच आकार. पण शेवटची कात टाकायच्या सुमारास त्या इतक्या वाढतात, की एवढी शीट टाकणारा पक्षी त्या झाडावर बसेल तर फांदीच वाकेल. कात टाकली की आतून निघते ती हिरवीगार अळी, पानात मिसळून जाणारी. एकाच आयुष्यात डाव बदलला: आधी 'दिसेन पण ओळखू येणार नाही', मग 'दिसणारच नाही'. तरी कुणी छेडलंच तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा एक लालसर अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. सोंग फसलं तर हाताशी काहीतरी असावं, एवढा व्यवहार तिला कळतो.

हा बदल नेमका कशानं होतो, तेही कळलं आहे. र्‍यो फुताहाशी आणि हारुहिको फुजिवारा यांनी पॅपिलिओ झुथस या फुलपाखराच्या अळीवर केलेलं काम 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. चौथ्या टप्प्यातल्या अळीच्या शरीरात ज्युव्हेनाइल हॉर्मोन नावाच्या संप्रेरकाचं प्रमाण उतरतं आणि पुढच्या कातीखाली हिरव्या रंगाची तयारी सुरू होते. त्या ठरावीक मुदतीत बाहेरून हे संप्रेरक लावलं, तर अळी मोठी झाली तरी शिटेचाच वेष घेऊन बाहेर येते. भलीमोठी शीट. बिचारीला सोंग बदलायचा निरोपच पोचलेला नसतो. अक्रोनिक्टा अल्नाय या पतंगाच्या अळीनं तर वेगळीच वाट धरली आहे. लहानपणी शीट, आणि शेवटच्या टप्प्यात काळी-पिवळी, झगझगीत, 'मला खाऊ नका, महागात पडेल' असं ओरडून सांगणारी. लपून जगण्यापासून ठणकावून जगण्यापर्यंत, एका कातीत.

एवढं सगळं झाल्यावर मॅक्रोसिलिक्स माइया या पतंगाबद्दल बोलायला हवं. ईशान्य भारतापासून तैवान आणि बोर्निओपर्यंत तो आढळतो, सिलिक्सच्याच कुळातला. हा बसताना पंख सपाट पसरून बसतो. पंखांचा पाया पांढरा, मागच्या बाजूला पिवळट-तपकिरी ओघळ, ही झाली शीट. आणि पुढच्या दोन पंखांवर एकेक माशी. खरी नव्हे, खवल्यांनी काढलेली. दोघी दोन बाजूंनी त्या ओघळाकडे तोंड करून जेवायला बसल्यासारख्या. माशीचं लालसर डोकं आहे, अंग आहे, आणि पातळ पंखावर उजेड पडल्यावर चमकते तशी एक फिकी रेघसुद्धा आहे. या पतंगाला उग्र वास येतो असंही निरीक्षकांनी नोंदवलं आहे. चित्र पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास म्हणतो, हे कुणीतरी मुद्दाम काढलेलं आहे. मला इथं थोडं सावध राहावंसं वाटतं. दोन माश्या आपल्याला दिसतात. पण आपल्याला ढगांतही हत्ती दिसतात. पक्ष्यांचे डोळे आपल्यासारखे नाहीत. अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो, जो आपल्या हिशेबातच नाही. त्याला तिथं माशी दिसते की नुसता गोंधळ, हे पक्ष्यालाच विचारायला हवं, आणि पक्ष्याला विचारायची रीत म्हणजे कणकेच्या अळ्या आणि जांभळा दोरा. नुसतं "वा!" म्हणून भागत नाही.

एक गोष्ट या सगळ्या पतंगांच्या बाबतीत सारखी आहे आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. हा वेष झोपेतला आहे. यातले बहुतेक रात्री हिंडतात. अंधारात पांढरा काय आणि शेवाळी काय. तिथं शिकारी वटवाघूळ, आणि त्याला रंग नकोच असतो. ते आवाज सोडून त्याच्या पडसादावरून पतंग शोधतं. तिथं उपयोगी पडतात ते कान, जे अनेक पतंगांना असतात, काहींना छातीवर तर काहींना पोटावर. वटवाघळाचा आवाज ऐकू आला की गिरकी घ्यायची नाहीतर सरळ खाली कोसळायचं. उजाडलं की पानावर येऊन पडायचं आणि शीट व्हायचं. जागेपणी एक जीव वाचवायची तऱ्हा, झोपेत दुसरी.

शिटेचं सोंग फक्त वाचण्यासाठी घेतात असंही नाही. हेन्री फोर्ब्स नावाचे स्कॉटिश निसर्गअभ्यासक 1880 च्या सुमारास जावा बेटावर फिरत होते. त्यांना पानावरच्या शिटेवर बसलेलं एक फुलपाखरू दिसलं. यात नवल नव्हतं. शिटेत क्षार असतात, नायट्रोजन असतो, आणि मधुरसात या गोष्टी फारशा नसल्यानं फुलपाखरं असल्या जागी सोंड लावून बसतात. फोर्ब्स हळूहळू जवळ गेले, फुलपाखरू हललं नाही. त्यांनी ते बोटांनी धरलं, तर अंगाचा काही भाग शिटेलाच चिकटून राहिला. शीट इतकी चिकट कशी, म्हणून त्यांनी तिला बोट लावून बघितलं. तो कोळी होता. पाठीवर पडलेला, पाय अंगाशी घट्ट घेतलेला. मधे खडूसारखा पांढरा, काही भाग काळा, आणि खाली पानावर विणलेला जाळ्याचा पातळ पापुद्रा, जो शिटेतला पातळ भाग पानाच्या उतारावरून ओघळत जाऊन वाळला असावा असाच दिसत होता. फोर्ब्स पुढे सुमात्रात गेले आणि तिथं याच जातीच्या कोळ्यानं त्यांना पुन्हा फसवलं. पहिला अनुभव गाठीशी असूनही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि लिहिताना त्यांना खंत नाही, आनंदच झालेला दिसतो.

पतंगाला शीट व्हायचं असतं ते दुर्लक्ष मिळवायला. हा कोळी शीट होतो, तेव्हा पक्षी दुर्लक्ष करतात आणि किडे लक्ष देतात. एकाच वेषावर दोन गिऱ्हाइकं. तैवानमधल्या सायक्लोसा जिन्नागा या छोट्या कोळ्यावरचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तो चंदेरी अंगाचा, आणि जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या रेशमाची एक चकती विणून तिच्यावर बसतो. अभ्यासकांनी काही ठिकाणी चकती काळी केली, काही ठिकाणी कोळ्याचं अंग. जोडीतलं एक बिघडलं की शीट दिसेनाशी होते, कोळी दिसू लागतो. आणि तसंच झालं, गांधीलमाश्यांचे हल्ले वाढले.

ऑस्ट्रेलियातल्या सेलेनिया कोळ्याची तऱ्हा मात्र मला सगळ्यांत हिशेबी वाटते. हाही दिवसभर पानावर पाय आवळून शीट होऊन पडलेला असतो, पक्ष्यांपासून वाचायला, अगदी पतंगासारखाच. रात्र झाली की एका धाग्याला लोंबकळतो. जाळं विणत नाही. मादी पतंग नराला बोलवायला जो गंध सोडते, तसाच गंध तो सोडतो. नर पतंग त्या वासाच्या मागावर येतात आणि आयते त्याच्या पुढच्या पायांत सापडतात. नर पतंगाची मिशी हा गंध फार थोडा असला तरी टिपते, आणि टिपल्यावर तो वाऱ्याच्या उलट दिशेला उडत राहतो. डोळ्यांनी तपासून घ्यायची सोय त्या अंधारात नसतेच.